परदेशातील स्वयंसेवा : पहिले तीन महिने वाया जात नाहीत

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत निवृत्तीनंतर स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात फारसा येत नाही, त्यामुळे तो छापल्याबद्दल आपले आभार मानते. मात्र लेखातील दोन गोष्टी मला खटकल्या. दोन आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंत कितीही काळ स्वयंसेवा करता येते, असे सांगताना या दोन्हींत जणू फक्त दिवसांचाच फरक आहे, असा सूर त्यात आहे. आणि परवान्याची कटकट टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करावे, असे एका चौकटीत सुचवले आहे. वेंगुर्ले तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून मी २०२० साली निवृत्त झाले आणि जानेवारी २०२२ ते डिसेंबर २०२३ अशी दोन वर्षे दक्षिण टांझानियात, म्ट्वारा प्रांतातील मसासीजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत स्वयंसेवक शिक्षिका होते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काही कमी करावे लागले, तर कागदपत्रांचा परिच्छेद तरी कृपया वगळू नये.

टांझानियात विनामोबदला काम करणाऱ्या परदेशी माणसालाही निवास परवाना लागतो. स्वयंसेवक, संशोधक, विद्यार्थी यांच्यासाठी तो सी वर्गाचा असतो आणि त्यासाठी बोलावणाऱ्या संस्थेने अर्ज करावा लागतो. पर्यटक व्हिसावर शाळेत शिकवणे किंवा दवाखान्यात काम करणे हा तिथे गुन्हा आहे. पगार घेत नाही, हा बचाव चालत नाही. दंड होऊ शकतो, देशाबाहेर काढले जाऊ शकते, आणि ज्या मुख्याध्यापकांनी आपल्याला वर्गात उभे केले त्यांनाही जाब द्यावा लागतो. येथून निघण्यापूर्वी पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, पदव्यांच्या साक्षांकित प्रती आणि आरोग्य विमा ही तयारी करायची असते, आणि तिला माझे चार महिने गेले. माझे विमान अदिस अबाबामार्गे होते. इथिओपिया किंवा केनियातून जाणाऱ्या-येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. ते प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. लेख निवृत्तांसाठी होता म्हणून हेही सांगायला हवे की साठीनंतर ही लस घेण्यात अधिक जोखीम असते. मी त्या वेळी ५९ वर्षांची होते, तरी आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलले आणि मगच लस घेतली. आणखी एक लहानशी पण उपयोगाची गोष्ट म्हणजे १ जून २०१९ पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही लागू आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सुनेने आणि मी पोहे, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला आणि आमसुले प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरली.

येथपर्यंतची तयारी कोणीही नीट चौकशी केली तर करू शकतो. लेखात जे आले नाही आणि जे मला मनापासून सांगायचे आहे, ते पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांविषयी आहे.

ज्या संस्थेमार्फत मी गेले, तिने आम्हांला सहा आठवड्यांचे भाषेचे आणि रीतिरिवाजांचे प्रशिक्षण कबूल केले होते. प्रत्यक्षात निधीचे कारण देऊन ते पाच दिवसांवर आणले गेले. सहाव्या दिवशी पहाटे आम्हां चौघांना दार-ए-सलामच्या बस स्थानकावर सोडण्यात आले आणि प्रत्येक जण आपापल्या गावाकडे निघाला. रुफिजी नदीवरचा लांब पूल ओलांडून, किल्वाचा फाटा मागे टाकून, लिंडीमार्गे मसासीला पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. शाळेने ठरवलेले घर तयार नव्हते, कारण मी नक्की कोणत्या दिवशी येणार हे शाळेला कळवलेच गेले नव्हते. पहिले अकरा दिवस मी एका शिक्षिकेच्या घरी, तिच्या दोन मुलींच्या खोलीत राहिले. त्या मुलींनी कुरकूर न करता आपला पलंग मला दिला आणि स्वतः चटईवर झोपल्या. संस्थेचा हा हलगर्जीपणा मी लेखी कळवला, आणि आजही तो मला अक्षम्य वाटतो. पण त्या अकरा दिवसांत त्या स्वयंपाकघरात मी जे शिकले, ते कदाचित सहा आठवड्यांच्या वर्गातही शिकले नसते.

सर्वांत आधी शिकले ते अभिवादन. आपल्याकडे शिक्षक खोलीत शिरताना मान हलवली किंवा ‘नमस्कार सर’ म्हटले की कामाचे बोलणे सुरू होते. तिथे तसे केले तर माणूस उद्धट ठरतो. लहानाने मोठ्याला ‘शिकामू’ म्हणायचे, मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचे आणि मग ‘हबारी’ विचारायची : घरची हबारी, सकाळची हबारी, कामाची हबारी, मुलांची हबारी. हबारी म्हणजे आपली खबर. हे सारे विचारून झाल्याशिवाय कामाचा विषय काढायचा नसतो. पहिल्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन थेट वेळापत्रक मागितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी अतिशय सौम्यपणे मलाच विचारले, ‘रात्री झोप लागली का?’ मला माझी चूक समजली. कोणाच्या घरी गेल्यावर दार वाजवायचे नसते, अंगणातूनच ‘होदी’ अशी हाक द्यायची असते आणि आतून ‘करिबू’ आले की मग पाऊल टाकायचे असते. करिबू म्हणजे या, जवळ या. आपल्या कानांना त्यात ‘करीब’ ऐकू येते.

तिथल्या स्वाहिली भाषेमध्ये असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात, कारण शेकडो वर्षे वाऱ्याच्या दिशेवर चालणारी गलबते अरबस्तान, आपला पश्चिम किनारा आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा यांच्यामध्ये ये-जा करत होती. दवा, दुनिया, कलामू, किताबू, हिसाबू, वकिली, रंगी, पेसा, दुका, चपाती, कचुंबरी, अचारी, बजिया हे शब्द कोणाला शिकवावे लागणार नाहीत. एक लाखाला ‘लाकी’ म्हणतात. मिलियनमध्ये हिशेब करायची सवय लावून घेऊन गेलेल्या मला बाजारात पहिल्यांदा ‘लाकी मोजा’ ऐकून गावी परत आल्यासारखे वाटले. उलट काही ओळखीचे शब्द फसवतातही. तिथे मामा म्हणजे आई, दादा म्हणजे थोरली बहीण, काका म्हणजे थोरला भाऊ. बाबा मात्र बाबाच. बाईला तिच्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारतात, जशी आमच्या वाडीत अजून मारतात. तिसऱ्या महिन्यात शेजारणींनी माझ्या थोरल्या मुलाचे नाव विचारून घेतले आणि त्या दिवसापासून मी मॅडमची ‘मामा’ झाले.

घड्याळाने मात्र मला खरोखर गोंधळात टाकले. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे दुसरा. दुपारी बारा म्हणजे सहावा. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे ही मोजणी अगदी तर्कशुद्ध आहे, आणि सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आपल्या पंचांगाला ती अनोळखी वाटू नये. तरीही पालकसभा ‘सा न्ने’ला, म्हणजे चौथ्या तासाला आहे असे मला सांगितले गेले, तेव्हा मी दुपारी चारला जायचे ठरवून घरी कपडे धूत बसले होते. सभा सकाळी दहाला झाली. काही पालक दोन तासांची पायपीट करून नव्या शिक्षिकेला पाहायला आले होते. पुढच्या शनिवारी सहकारी शिक्षिकेला बरोबर घेऊन मी त्यांच्यापैकी सहा घरी गेले आणि माफी मागितली. त्या सहाही घरी मला बसायला स्टूल मिळाले आणि खायला काही ना काही मिळाले.

ही उदाहरणे मी गंमत म्हणून देत नाही. शिकवायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवायची घाई असते, कारण आपण उपयोगी आहोत हे त्याला स्वतःलाच पटवून द्यायचे असते. मलाही ती घाई होती. पहिल्या महिन्यात मी फॉर्म वन, म्हणजे आपल्या आठवीच्या वयाच्या वर्गावर इंग्रजीतून बीजगणित शिकवायला सुरुवात केली. वर्गात ७४ मुले होती. ‘समजले का?’ असे विचारले की सगळी एका सुरात ‘येस, मॅडम’ म्हणत. चौथ्या आठवड्यात चाचणी घेतली आणि निम्म्याहून अधिक वह्या कोऱ्या परत आल्या.

कारण मला खरे तर पहिल्या तासालाच ओळखता यायला हवे होते. टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळांत मुले सात वर्षे सारे विषय स्वाहिलीतून शिकतात आणि माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच इतर जवळजवळ सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. एका मुलीला मी ‘प्रॉडक्ट’ (गणितात गुणाकार) म्हणजे काय असे विचारले, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, ‘कोरोशो’, म्हणजे काजू. म्ट्वाराचे मुख्य उत्पादन काजू, एवढाच त्या शब्दाशी तिचा संबंध आला होता. तिलाच मी फळ्यावर बारा आणि पाच लिहून ‘झिदिशा’, म्हणजे गुणाकार कर, असे सांगितले, तेव्हा माझा खडू खाली येण्याआधी तिने उत्तर दिले. त्या संध्याकाळी मला माझी स्वतःची अकरावी आठवली. १९७८ साली मी मराठी माध्यमातून दहावी होऊन सावंतवाडीला विज्ञान शाखेत गेले, तेव्हा वेग, त्वरण, बल हे सारे मला उत्तम येत होते. पण व्हेलॉसिटी, अॅक्सिलरेशन, फोर्स ऐकताना माझे डोके बधिर होई आणि प्राध्यापकांनी ‘समजले का?’ विचारले की मीही होकारार्थी मान हलवीत असे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून आजही हजारो मुले अकरावीच्या पहिल्या सहामाहीत अशीच मुकी होतात. मी ३१ वर्षे शिक्षिका होते आणि तरीही ही जखम दुसऱ्याच्या मुलांत ओळखायला मला एक महिना लागला, कारण तो महिना मी बोलण्यात घालवला होता, ऐकण्यात नव्हे.

मग मी मुख्याध्यापकांकडे गेले, या वेळी सगळ्या हबारी विचारून, आणि दोन महिने मला स्वतंत्र वर्ग देऊ नये, माझ्या तरुण सहकारी शिक्षिकेच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्यावे, अशी विनंती केली. कोऱ्या वह्या त्यांनी पाहिल्याच होत्या. ते ‘हो’ म्हणाले, पण संस्थेच्या दार-ए-सलाम कार्यालयाला ते आवडले नाही. तिमाही अहवालात ‘शिकवलेले तास’ असा रकाना होता आणि माझ्या रकान्यात त्या दोन महिन्यांसाठी शून्य भरावे लागणार होते. मी शून्य भरले. त्या दोन महिन्यांत मी मुलांबरोबर स्वाहिलीतून गणित शिकले : कुजुमलिशा म्हणजे मिळवणे, कुतोआ म्हणजे वजा करणे, कुगवान्या म्हणजे भागणे, सेहेमू म्हणजे भाग किंवा अपूर्णांक. सहकारी शिक्षिकेने आणि मी मिळून सव्वाशे गणिती शब्दांची एक वही केली. एका बाजूला स्वाहिली, मधे चित्र किंवा उदाहरण आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मुलांनी ती उतरवून घेतली. पुढे शेजारच्या दोन शाळांतल्या शिक्षकांनीही तिच्या छायाप्रती नेल्या. परीक्षा इंग्रजीतच असते, त्यामुळे इंग्रजी सोडून चालणार नव्हते. पण प्रत्येक नव्या संकल्पनेची पहिली दहा मिनिटे मुलांच्या भाषेत घ्यायची आणि मग इंग्रजी शब्दाकडे जायचे, हा रिवाज आम्ही घातला. दोन वर्षांत माझ्या हातून जे काही टिकाऊ झाले असेल, ते या वहीत आहे, आणि ती अहवालातल्या शून्याच्या काळात झाली.

शेतीतही मला असाच एक धडा मिळाला. मसासीचा परिसर काजूचा आहे. काजू तिथे आणि आमच्याकडे पोर्तुगीजांनीच आणला. फक्त आमच्याकडे काजूचा हंगाम फाल्गुन-चैत्रात आणि तिथे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. काजूच्या बोंडाला ते ‘बिबो’ म्हणतात, जे ऐकून मला काजूच्याच कुळातला आपला बिब्बा आठवला, आणि बोंडाच्या पेयाला ‘उराका’, जसे गोव्यात हुर्राक. माझ्या घरामागे काजूची चार झाडे होती. पहिल्या ऑक्टोबरात मी हौसेने ओले काजू काढून, चीक जपून, नारळाच्या रसात उसळ केली आणि शेजाऱ्यांना वाढली. त्यांनी खाल्ली, पण शेजारीणबाई नंतर मला एकटीला गाठून म्हणाल्या की झाडावर पिकू दिले असते, तर यातल्या प्रत्येक बीचे पैसे झाले असते. ती झाडे शाळेची होती आणि त्या बियांच्या विक्रीतून शाळेचे खडू येत. टांझानियाचा बराचसा काजू कवचासकट भारतात आणि व्हिएतनामला जातो, हे मला वाचून माहीत होते. पण तो दर माझ्या शेजारणीच्या घरात वह्या आणि गणवेश ठरवतो, हे मी त्या दिवशी समजून घेतले. उसळीचे पैसे मी मुख्याध्यापकांकडे भरले. पुढच्या हंगामात मुले काजू वेचायला गैरहजर राहू लागली, तेव्हा मी रागावले नाही. त्यांच्यासाठी सायंकाळी वर्ग घेतला.

जेवणाचा त्रास मला झाला नाही. मक्याच्या पिठाचा उगाली सवयीचा होतो, म्चिचा ही भाजी आपल्या माठाचीच सख्खी बहीण आहे, आणि नारळाच्या रसात शिजवलेली तूर सकाळच्या न्याहारीला मिळते, ज्याला ते ‘म्बाझी’ म्हणतात. त्या भागातली तूर मोठ्या प्रमाणात भारतात येते. आपण वरण-भात खातो त्यातली काही डाळ तिथलीही असेल. एप्रिलच्या पावसात मलेरिया झाला. रक्ताच्या थेंबाची तपासणी पंधरा मिनिटांत झाली, गोळ्या मिळाल्या, आणि पाच दिवस शेजारच्या बायकांनी आळीपाळीने माझे पाणी भरले. ज्यांना परदेशातील सेवेचा विचार करायचा आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पहिल्या वर्षात आपणच गावाची सेवा बरीच घेतो.

एकटेपणाविषयी लिहिणे अवघड आहे, पण टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गणेशचतुर्थीच्या पाच दिवसांत माझ्या घरी माझ्याशिवाय गणपती बसला. मोबाईलवर आरती ऐकू येत होती आणि मधेच तुटत होती. त्या रात्री मी परतीच्या तिकिटाची चौकशी केली होती. पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्याचे वडील वारले. तिथे मर्तिकाच्या घरी सगळे गाव जाऊन बसते. बायका आत चटईवर, पुरुष बाहेर. शेजारणीने मला आपला एक कांगा दिला, कमरेला गुंडाळायचे ते सुती छापील वस्त्र ज्याच्या काठाजवळ एखादे वचन छापलेले असते, आणि मला हाताला धरून नेले. मी दिवसभर तिथे बसले. ‘पोले’, म्हणजे तुमच्या दुःखात मी आहे, एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. संध्याकाळी परतताना माझ्या लक्षात आले की दिवसभरात एकदाही मला आपण परकी आहोत असे वाटले नव्हते. तिकिटाची चौकशी मी पुन्हा केली नाही.

आम्हां चौघांपैकी एक तरुण अभियंता अकराव्या आठवड्यात परत गेला. तो हुशार आणि कष्टाळू होता. ज्या गावी त्याला पाणीपुरवठ्याच्या कामासाठी पाठवले होते, तिथे काम सुरू व्हायलाच आठ महिने होते, आणि रिकामे बसणे म्हणजे अपयश, असा त्याचा समज होता. तो समज त्याला कोणी खोडून दाखवला नाही. मला त्याचा दोष दिसत नाही. प्रशिक्षणाचे सहा आठवडे पाचव्या दिवशी संपवणाऱ्यांनी वाचवलेला पैसा त्याच्या दोन्ही वेळच्या विमान प्रवासात गेला असेल.

म्हणूनच दोन आठवड्यांच्या ‘सेवा सहलीं’ना आपल्या लेखाने दोन वर्षांच्या नियुक्तीच्या शेजारी बसवले, याचे मला वाईट वाटले. दोन आठवड्यांत हबारीसुद्धा नीट विचारता येत नाही. अशा सहली बहुतेकदा अनाथालयांत नेतात. नेपाळ आणि कंबोडियात असे आढळून आले आहे की आई-वडील जिवंत असलेली मुले केवळ पाहुण्यांच्या देणग्यांसाठी अनाथालयांत ठेवली जातात. लळा लावून पंधरवड्यात निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या मुलांपुढून वर्षानुवर्षे सरकत राहते. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने मुलीच्या अशा तीन आठवड्यांसाठी एका मध्यस्थाला दीड लाख रुपये दिले. त्या मुलीचा हेतू निर्मळ होता, पण तिथल्या मुलांना त्या पैशांतले काय मिळाले, हे तिला परत आल्यावरही कोणी सांगू शकले नाही.

दुसरा प्रश्नही जाणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे, आणि तो अधिक अवघड आहे : आपण कोणाची जागा तर घेत नाही ना? टांझानियात शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेऊन सरकारी नेमणुकीची वाट पाहणारे अनेक तरुण आहेत, जसे आपल्याकडे पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेले डी.एड., बी.एड.धारक आहेत. फुकटात शिकवणारी परदेशी बाई मिळाली की भरती लांबणीवर टाकणे कोणत्याही व्यवस्थेला सोयीचे असते. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची तिथे खरोखर कमतरता होती, आणि माझी नेमणूक तरुण सहकारी शिक्षिकेच्या जोडीने होती, तिच्या जागी नव्हती. माझे काम संपले तेव्हा ती वही तिच्याकडे राहिली. जी संस्था ‘तुमच्यानंतर हे काम कोण करणार’ या प्रश्नाचे उत्तर नाव घेऊन देऊ शकत नाही, तिच्यामार्फत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार सहकारी डॉक्टरांसोबत युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. ते चिनी शिकले, तिथल्या लोकांत मिसळले, रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. शाळेत आम्ही त्यांच्या त्यागाविषयी शिकलो आणि मुलांनाही शिकवले. त्यांनी भाषा कशी शिकून घेतली असेल, पहिल्या थंडीत काय खाल्ले असेल, रुग्णाशी पहिले वाक्य कोणते बोलले असतील, हे प्रश्न मला मसासीला गेल्यावर पडले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यामुळे या विषयावर आणखी लेख येतील आणि जाहिराती त्याहून अधिक येतील. संयुक्त राष्ट्रांचा स्वतःचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. अनुभवी आणि वयस्क माणसांनाही त्यात स्थान असते. त्याशिवायही दीर्घ मुदतीच्या नियुक्त्या देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त परिचारिका, आयटीआयचे निदेशक, प्रयोगशाळा सहायक, कृषी सहायक, शिक्षक आहेत, ज्यांच्या हातात तीस-तीस वर्षांचे कसब आहे आणि ज्यांची मुले मार्गी लागली आहेत. त्यांनी जावे, असे मला कळकळीने वाटते. पण त्यांनी संस्थेला आधी विचारावे की भाषेचे प्रशिक्षण किती आठवड्यांचे, घर कोण दाखवणार, परवान्याचा अर्ज कोण करणार, आणि पहिल्या तिमाहीत माझ्याकडून कोणते आकडे मागणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘शिकवलेले तास’ असे आले, तर करारावर सही करण्याआधी तो रकाना बदलून घ्यावा. मी तो बदलून घेतला नाही, त्यामुळे अजूनही माझ्या पहिल्या अहवालात शून्य आहे.

पर्यटक व्हिसाविषयीची चौकट आपण दुरुस्त करावी, ही आग्रहाची विनंती. लेख वाचून आमच्या वाडीतील एक निवृत्त परिचारिका माझ्याकडे आल्या होत्या. त्या याच मार्गाने येत्या मे महिन्यात जाण्याच्या विचारात होत्या. त्यांना मी थांबवले आहे आणि सध्या आम्ही दोघी मिळून त्यांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती काढत आहोत. रोज संध्याकाळी अर्धा तास त्या माझ्याकडे स्वाहिली शिकायला येतात. दारात थांबून आधी ‘होदी’ म्हणतात आणि मी आतून ‘करिबू’ म्हणेपर्यंत आत येत नाहीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग